कोमट पाण्यावर शहर उबदार ठेवायचं, तर विहिरीइतकंच परतीच्या नळाकडेही बघा

इसारकाठ

हीटिंगच्या बिलांवरच्या धाग्यात "जमिनीतून गरम पाणी फुकट मिळतं, मग बिल कसलं?" असं दोघातिघांनी विचारलं होतं. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. इमारतींच्या हीटिंगची आखणी हेच माझं रोजचं काम आणि राहते जर्मनीतल्या म्युनिकला, त्यामुळे उदाहरणं इथलीच जास्त येतील. सगळी तापमानं सेल्सियसमध्ये.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात डॅन्यूब नदी आणि आल्प्स यांच्यामधल्या पट्ट्यात ज्युरासिक काळातल्या चुनखडीचा जाड थर आहे. इथले लोक त्याला माल्म म्हणतात. डॅन्यूबच्या बाजूला तो जवळजवळ जमिनीला टेकलाय आणि दक्षिणेकडे, आल्प्सच्या दिशेने, तिरका उतरत खोल गेलाय. भेगा-पोकळ्यांनी भरलेला हा थर पाण्याने गच्च आहे. जितकं खोल जावं तितकं पाणी गरम, ढोबळमानाने दर किलोमीटरला ३० अंश. त्यामुळे म्युनिकच्या ईशान्येला एर्डिंगला २३५० मीटरवर ६५ अंशांचं पाणी मिळालं (१९८३ साली तेल शोधायला गेले होते, लागलं हे), शहराच्या पूर्वेला रीममध्ये ३००० मीटरच्या आसपास ९० अंशांच्या वरचं, तर दक्षिणेला उंटरहाखिंगला ३३५० मीटरवर १२२ अंशांचं. थर तोच, पण कोण त्याच्या कुठल्या टोकावर बसलंय त्यावर त्याचं नशीब ठरतं.

विहिरी दोन लागतात. एकीतून पाणी वर आणायचं, त्यातली उष्णता काढून घ्यायची आणि दुसरीतून तेच पाणी त्याच थरात परत सोडायचं. वर दोन्ही विहिरींची तोंडं एकाच आवारात असतात. ड्रिलिंग तिरकं नेऊन खाली त्यांची टोकं किलोमीटर-दीड किलोमीटर लांब ठेवतात, नाहीतर परत सोडलेलं गार पाणी लवकरच पहिल्या विहिरीत येऊन पोचेल. खालचं पाणी कुणाच्या घरात जात नाही. प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (पातळ पत्र्यांच्या एका बाजूने एक पाणी, दुसऱ्या बाजूने दुसरं, मिसळत नाहीत) ते आपली उष्णता शहराच्या नळांतल्या पाण्याला देतं, आणि प्रत्येक इमारतीच्या तळघरात असाच आणखी एक एक्स्चेंजर असतो.

म्युनिकच्या नगर-कंपनीने २००४ साली रीमपासून सुरुवात केली. शेफ्टलार्नश्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्राच्या आवारात आता सहा विहिरी आहेत आणि सुमारे ८०,००० रहिवाशांना पुरेल एवढी उष्णता तिथून अपेक्षित आहे. शहराचं सगळं डिस्ट्रिक्ट हीटिंग (एका ठिकाणी पाणी तापवून नळांच्या जाळ्यातून इमारतींना उष्णता पुरवणं) २०४० पर्यंत कार्बनमुक्त करायचं असं ठरलंय.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांत येते. विहीर, ड्रिलिंगचा मनोरा, वाफेचा फोटो. त्यापुढची गोष्ट क्वचितच छापून येते, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

विहिरीतून मिळणारी उष्णता म्हणजे प्रवाह गुणिले तापमानातला फरक. सेकंदाला ६५ अंशांचं ८० लिटर पाणी वर येतंय असं धरा. शहरातून फिरून आलेलं पाणी ४० अंशांचं असेल, तर विहिरीचं पाणी त्याहून गार करता येत नाही, म्हणजे त्यातून २५ अंशच काढता येतात. साधारण ८.४ मेगावॅट. तेच परतीचं पाणी ३० अंशांचं असेल, तर ३५ अंश काढता येतात, म्हणजे ११.७ मेगावॅट. विहीर तीच, पंप तोच, ड्रिलिंगचा खर्च एका पैशाने वाढला नाही आणि उष्णता ४० टक्के जास्त! ऐन थंडीत एका फ्लॅटला ५ किलोवॅट लागतात असं धरलं, तर पहिल्या हिशोबात १६७० च्या आसपास घरं भागतात आणि दुसऱ्यात २३०० च्या वर.

वाफेवर किंवा १२० अंशांच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या जाळ्यांत या दहा अंशांचं कुणाला काही वाटत नसे. कोमट पाण्यावर चालायचं तर सगळा जीव त्या दहा अंशांत आहे.

आता माझ्याबरोबर एका तळघरात चला. चंदेरी आवरणातले दोन जाड नळ भिंतीतून आत येतात. दोन्हींवर वाटीएवढ्या तबकडीचा थर्मामीटर असतो, येणाऱ्यावर लाल कडा, जाणाऱ्यावर निळी. मी कुठल्याही इमारतीत गेले की आधी निळी तबकडी बघते. सत्तरच्या दशकातल्या इमारतींत हिवाळ्यात तिचा काटा ५५, ५८ वर सर्रास दिसतो. म्हणजे पाणी आलं, इमारतीत एक चक्कर मारली आणि बरीचशी उष्णता अंगावर तशीच घेऊन परत गेलं. कारणं ठरलेली. तळमजल्यावरच्या रेडिएटरांतून (खोलीत भिंतीला लावलेल्या, गरम पाण्यावर तापणाऱ्या पत्र्यांतून) पाणी धो धो वाहतं आणि पाचव्या मजल्यावर पोचत नाही. मग पाचव्या मजल्याची तक्रार आली की पंप वाढवला जातो. कुठे येणारा आणि जाणारा नळ जोडणारा एखादा आडनळ वर्षानुवर्षं उघडा राहिलेला असतो. प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचं पाणी मोजून देणं, ज्याला हायड्रॉलिक बॅलन्सिंग म्हणतात, हे काम फार कंटाळवाणं आहे. घरोघरी जायचं, खोली मोजायची, व्हॉल्व्हच्या आतली सेटिंग बदलायची. याचं उद्घाटन करायला कुठला मंत्री येत नाही, पण शहराची विहीर मोठी होते ती याच कामाने.

माझं म्हणणं असं, की ड्रिलिंगला जो पैसा आणि जी प्रतिष्ठा मिळते तिचा थोडा तरी वाटा तळघरांकडे वळायला हवा. डेन्मार्कमधल्या बऱ्याच पुरवठादारांनी तर दरच तसे लावलेत: पाणी गार करून परत पाठवलंत तर बिलात सूट, गरमच परत पाठवलंत तर जादा आकार.

तळेगावकर

छान लेख. प्लेट एक्स्चेंजर आमच्या दूध डेअरीत रोज बघतो, त्यामुळे पटकन डोळ्यांपुढे आलं. शंका एवढीच, की ६५ अंशांचं पाणी असेल तर ठीक, पण जिथे ४० किंवा २० अंशांचंच आहे तिथे ड्रिलिंग करण्यात काही अर्थ आहे का?

इसारकाठ

@तळेगावकर, नक्की आहे. मग मध्ये हीट पंप बसवायचा, म्हणजे कमी तापमानाची उष्णता वरच्या तापमानाला चढवणारं यंत्र. डेन्मार्कमधल्या थिस्टेडला १९८४ पासून साडेबाराशे मीटर खोलीवरचं ४४ अंशांच्या आसपासचं पाणी वापरतात. स्वीडनमधल्या लुंडने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सातशे मीटरवरच्या २१ अंशांच्या पाण्यावर मोठे हीट पंप चालवायला सुरुवात केली.

पण इथेही तोच मुद्दा येतो. हीट पंपाला तापमान जितकं वर चढवावं लागेल तितकी वीज जास्त. २० वरून ८० वर न्यायचं तर एक युनिट विजेत जेमतेम तीन युनिटं उष्णता पदरात पडते. ४० वरून ६० वर न्यायचं असेल तर पाच-सहा युनिटं सहज मिळतात. घरं ५५-६० अंशांच्या पाण्यावर उबदार राहतील अशी असली, तर साधारण विहीरही कामाची ठरते.

नेदरलँड्समधल्या हेरलेनचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. कोळशाच्या खाणींचं गाव. १९७४ मध्ये देशातली शेवटची खाण तिथेच बंद झाली, पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरले. २००८ पासून त्याच पाण्यावर गावातल्या इमारती उबदार होतात. खोलवरचं पाणी फक्त २८ अंशांचं, वरच्या बोगद्यांतलं १६ च्या आसपास. पहिल्याने हिवाळ्यात ऊब, दुसऱ्याने उन्हाळ्यात गारवा. पुढे त्यांनी इमारतीच एकमेकींना जोडल्या. एकीला गार करताना निघालेली उष्णता दुसरीला, आणि उरलीसुरली खाणीत साठवायची. ज्या गावाची रोजीरोटी खाणीबरोबर गेली त्याला त्याच खाणीतून पुन्हा काही मिळतंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

सेनकाठची_मेधा

पॅरिसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी दक्षिण उपनगरात राहते आणि आमची सगळी वसाहत अशाच विहिरीवर आहे. इकडेही ज्युरासिक चुनखडीच, तिला डॉगर म्हणतात. १५०० ते २००० मीटर खोल आणि पाणी ५५ ते ८५ अंश. पॅरिसच्या आग्नेयेला मेलँ गावात १९६९ मध्ये पहिली विहीरजोडी सुरू झाली. तेलाचे दर भडकल्यावर सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत इल-द-फ्रान्स या पॅरिसभोवतालच्या भागात अशा जोड्यांचं पेवच फुटलं.

पण म्युनिकच्या आणि आमच्या पाण्यात एक मोठा फरक आहे. माल्मचं पाणी जवळजवळ गोडं. आमचं खारट आणि गंधकयुक्त. त्याने पोलादी नळ आतून खाल्ले आणि लोह-सल्फाइडची काळी पुटं चढून विहिरी अरुंद झाल्या. त्यातच १९८६ मध्ये तेल स्वस्त झालं, कर्जं फिटेनात आणि बऱ्याच विहिरी बंद पडल्या. वाचल्या त्या दोन-तीन गोष्टींमुळे. विहिरीच्या तळाशी बारीक नळीने गंज रोखणारं रसायन सोडायला लागले, एक्स्चेंजरच्या प्लेटा टायटॅनियमच्या केल्या, आणि सरकारच्या पाठबळाचा हमी निधी होता. पहिली विहीर फसली तर नुकसानाचा मोठा भाग हा निधी उचलतो. नाहीतर कुठली नगरपालिका एवढी जोखीम घेईल?

आज क्रेतेय, शव्ही-लारू, लाय-ले-रोज, विलज्वीफ ही गावं नकाशावर शेजारी शेजारी दिसतात आणि जमिनीखाली त्यांच्या विहिरीही. त्यामुळे नवीन विहीर खणताना शेजाऱ्याच्या गार पाण्याचा हिशोब धरावा लागतो. आमच्याकडे बहुतेक घरं सरकारी भाड्याची, मोठमोठ्या इमारतींतली. विहीर बारमाही उष्णता देते आणि कडाक्याच्या थंडीचे थोडे दिवस गॅसचा बॉयलर मदतीला येतो. शेजारच्या पोर्तुगीज आजींना यातलं काही ठाऊक नाही, पण २०२२ मध्ये गॅसचे भाव चढले तेव्हा त्यांच्या बिलात फारसा फरक पडला नाही, एवढं त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

अवधूत_क

सगळं गोड गोड चाललंय, पण दुसरी बाजू कुणीच मांडत नाही. जर्मनीतल्या श्टाउफन गावाचं काय? भूऔष्णिक ड्रिलिंगने गाव वर उचललं गेलं, घरांना तडे गेले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला भूकंप झाला. उद्या म्युनिकमध्ये तसं काही झालं तर?

इसारकाठ

@अवधूत_क, रास्त प्रश्न. दोन्ही घटना खऱ्या आहेत, आणि दोन्ही टाळता आल्या असत्या असं माझं मत आहे.

श्टाउफनमध्ये २००७ साली नगरभवनासाठी सुमारे १४० मीटरच्या उथळ विहिरी खणल्या. त्या ॲनहायड्राइट या खनिजाच्या थरातून गेल्या, भूजलाला त्या थरात वाट मिळाली आणि ॲनहायड्राइटचं जिप्सम होताना तो फुगला. अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले. खोल गरम पाण्याशी याचा संबंध नाही. ज्या थरातून आपण चाललोय तो ओळखून विहीर नीट सील करण्याशी मात्र पुरता आहे. बाझेलला २००६ च्या डिसेंबरमध्ये कोरड्या ग्रॅनाइटमध्ये जोराने पाणी दाबून भेगा पाडत होते. ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. म्युनिक आणि पॅरिसला खडक तसा फोडत नाहीत, तिथलं पाणी आधीपासूनच थरात आहे.

तरी धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. म्युनिकजवळच्या पोइंगला २०१६-१७ मध्ये दोनच्या आसपास तीव्रतेचे धक्के लोकांना जाणवले आणि केंद्र काही काळ बंद ठेवलं होतं. भूकंपमापकांचं जाळं आधीपासून हवं, त्याच्या नोंदी लोकांना बघता याव्यात आणि नुकसानभरपाईचे नियम ड्रिलिंगच्या आधी लिहिलेले असावेत. एवढं मागायचा नागरिकांना हक्क आहे.

उलट प्रकारचं अपयशही असतं. म्युनिकच्या दक्षिणेला गेरेट्सरीडला २०१३ मध्ये खूप खोल गेले. खडक हवा तितका गरम लागला, पाणी मात्र पुरेसं नाही. कोट्यवधी युरो जमिनीत. म्हणूनच मेधाने सांगितलेला हमी निधी मला महत्त्वाचा वाटतो.

रेणुका_ह

मेधाच्या शेजारच्या आजी नशीबवान. माझा अनुभव उलटा आहे. (शहर आणि कंपनीचं नाव लिहीत नाही.) आमच्या पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर भूऔष्णिक ऊर्जेचा मोठा फोटो, पण गॅस महागला तेव्हा आमचा दरही तसाच चढला. पत्र पाठवून विचारलं तर दराचं सूत्र कळवलं. त्या सूत्रात गॅसच्या बाजारभावाचा निर्देशांक होता! आणि पुरवठादार बदलता येत नाही, कारण नळ एकाचाच.

इसारकाठ

रेणुका, तू नेमकं दुखणं सांगितलंस. जर्मनीत डिस्ट्रिक्ट हीटिंगचे दर अशा सूत्रांनी बांधलेले असतात, आणि त्यातला एक भाग उष्णतेच्या बाजारभावाशी जोडलेला असतो. विहिरीचा खर्च बहुतांश सुरुवातीचाच: ड्रिलिंग, नळ, कर्ज. नंतर लागते ती पंपाची वीज आणि देखभाल. अशा उष्णतेचा दर गॅसबरोबर का चढावा? जिथे विहीर आहे तिथल्या सूत्रात विहिरीचा वाटा दिसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. भाडेकरू संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

डॉ_मंजिरी

एक वैद्यकीय शंका. तुम्ही सगळे तापमान कमी करा म्हणताय, पण नळाचं गरम पाणी ५० अंशांच्या खाली साठवलं की लीजिओनेला जिवाणू वाढतात. वयस्कर माणसांना त्याने जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. त्याचं काय करता?

इसारकाठ

डॉक्टर, म्हणूनच इथे मोठ्या टाक्यांतून पाणी ६० अंशांनी निघायला हवं आणि फिरून परत येताना ५५ च्या खाली जाऊ नये असा नियम आहे. कोमट जाळ्यांपुढची ही मोठीच अडचण. उपाय असा, की गरम पाणी साठवायचंच नाही. प्रत्येक घरात लहानसा प्लेट एक्स्चेंजर बसवायचा, नळ उघडला की त्या क्षणी पाणी गरम होईल. एक्स्चेंजरपासून नळापर्यंतच्या पाइपात तीन लिटरपेक्षा कमी पाणी मावत असेल, तर नियमातही त्याला मोकळीक आहे. नवीन इमारतींत हे सोपं जातं. जुन्यांत भिंती फोडाव्या लागतात, आणि अशा कामाला लोक लवकर तयार होत नाहीत.

तळकोकणी

ताई, आमच्याकडे उन्हवऱ्याला, तुरळला, वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत. आम्हाला घर तापवायचं नाही हे उघड आहे. पण या पाण्याचा काही उपयोग होईल की नुसतं आंघोळीपुरतंच?

इसारकाठ

@तळकोकणी, कोकणातल्या झऱ्यांची रांग ठाण्यापासून पार राजापूरपर्यंत आहे आणि उन्हवऱ्याचं पाणी त्यांतल्या सर्वांत गरम पाण्यांपैकी, ७० अंशांच्या आसपास. उष्णतेवर चालणारे शीतकरणाचे संच असतात, पण त्यांना साधारण ७५ ते ९० अंश लागतात, म्हणजे झऱ्याचं पाणी थोडं कमी पडतं. वाळवणाला मात्र ५०-६० अंश पुरे. पावसाळ्यात कोकम, सुकी मासळी, आंबापोळी यांचं काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एखादं छोटं सामाईक वाळवणघर मला शक्यतेतलं वाटतं.

पण आधी झऱ्याचा प्रवाह वर्षभर मोजायला हवा. आणि कुंडाशेजारी विहीर खणून झराच आटवला तर गाव कधी माफ करणार नाही, नि करूही नये. कुंडातून वाहून जाणारं पाणी एक्स्चेंजरमधून नेलं तर झऱ्याला हात लावायची गरज पडत नाही.

हिमशिखर

आपल्या देशात हीटिंगची खरी गरज लडाखला आहे. पुगा खोऱ्यात उकळते झरे आहेत, २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथे वीज बनवण्यासाठी करारही केलाय. ते पाणी लेहला आणून घरं उबदार करता येतील का? आइसलँडमध्ये तर लांबून आणतात म्हणे.

इसारकाठ

आणतात. नेस्याव्हेत्लिर केंद्रातून रेक्याविकला २७ कि.मी. लांबून गरम पाणी येतं आणि वाटेत जेमतेम दोन अंश गमावतं. पण त्यामागे दोन गोष्टी आहेत. नळाचा व्यास मीटरभराच्या जवळपास आणि त्यातून वाहणारं पाणी प्रचंड. प्रवाह मोठा असला की वाटेतली उष्णतेची गळती त्यात विरून जाते. टोकाला तेवढं पाणी पिऊन टाकणारं शहरही हवं. पुगा ४४०० मीटर उंचीवर आणि लेहपासून पावणेदोनशे कि.मी. लांब. एवढं अंतर पाणी नेणं परवडणार नाही.

माझ्या मते पुग्याची उष्णता पुग्याजवळच वापरावी. शाळा, वसतिगृह, दवाखाना, भाजीची हरितगृहं. तिथल्या उंचीवर पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं आणि हीटिंगला तेवढं भरपूर झालं. रेक्याविकचीही सुरुवात १९३० साली अशीच झाली होती: धुणं धुवायच्या झऱ्यांजवळ विहिरी खणून एक शाळा, एक इस्पितळ आणि थोडी घरं. सगळ्यांनी विजेच्या मागे लागायचं आणि हीटिंग विसरायचं, हे मला पटत नाही. उंटरहाखिंगलाही वीजनिर्मिती २०१७ मध्ये थांबवली आणि उष्णता पुरवणं चालू ठेवलं.

नवा_भाडेकरू

मी नुकताच जर्मनीत आलोय. घरात रेडिएटर आहे, त्याचा वरचा भाग गरम होतो आणि खालचा कोमटच राहतो. घरमालकाकडे तक्रार करू का? की व्हॉल्व्ह पाचवर ठेवू?

इसारकाठ

खोली हवी तेवढी उबदार होतेय ना? मग तक्रार करू नका, तुमचा रेडिएटर अगदी बरोबर चाललाय. वर गरम आणि खाली कोमट, म्हणजे पाण्याने आपली उष्णता तुमच्या खोलीत सोडली आणि ते गार होऊन परत निघालं. व्हॉल्व्ह ३ वर असू द्या, खोली साधारण २० अंशांची झाली की तो आपोआप मिटतो. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त तो बंद व्हायचं विसरतो. रेडिएटरपुढून सोफा आणि लांब पडदा बाजूला करा. वरचा भाग गार आणि आत गुळगुळ आवाज असं असेल तर हवा अडकली आहे. ती काढायला बाजूच्या स्क्रूची चौकोनी किल्ली हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. खाली वाटी धरा, पहिलं पाणी काळं येतं.